ठराव आणि कायदा



आपल्या वाशीम जिल्ह्यास लागूनच मराठवाडा आहे. तेथील विद्यापीठाची हकीकत जऊळक्यास परकी नव्हे. ते 1958 साली औरंगाबादेस स्थापन झाले. बाबासाहेबांच्या संस्थेने तेथे महाविद्यालय काढले ते त्याही आधी, 1950 साली.

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. लागलीच मराठवाड्यात दलितांची घरे जाळण्यात आली. ठराव ही सभागृहाची इच्छा होय, कायदा नव्हे. कोणी ठराव दाखविला, तर विधेयक कोठे आहे हे आधी विचारावे. येथे कायद्यातील नाव तसेच राहिले. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी, तोही ‘मराठवाडा’ शब्द राखून. 1978 साली पहिलीत बसलेले मूल तोवर पदवीच्या वयाचे झाले होते.