लाल दगडाचं बेट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेलं भाषण)



बेटं, तिथली माणसं आणि त्यांच्या चालीरीती, या विषयावर बोलायचं आहे असा निरोप आला, तेव्हा मला वाटलं, टपाल चुकलं. मी बिदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यातला. आमच्याकडं मोठं पाणी म्हणजे मांजरा, आणि तीही उन्हाळ्यात धोतर न भिजवता ओलांडता येते. समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा पार करून घाट उतरावा लागतो. मी फोनवर तसं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "मग तुमच्याकडचंच एखादं बेट बघा की!" गमतीनंच म्हणाले असतील, पण ते डोक्यात राहिलं. सीमेवरच्या माणसाच्या कानाला हा शब्द दोनदा ऐकू येतो. मराठीत बेट म्हणजे पाण्यानं वेढलेली जमीन, नाहीतर कळकाचं बेट. कानडीत बेट्ट म्हणजे डोंगर. आणि बिदर शहर ज्या पठारावर बसलंय, त्याला हे दोन्ही शब्द लागू पडतात.

भालकीकडून बिदरला निघालात की बराच वेळ काळं रान सोबत चालतं. तूर, उडीद, सोयाबीन, मधूनच जवारी. मग रस्ता चढाला लागतो आणि मातीचा रंग एकदम पालटतो. तांबडी, विटकरी, भुसभुशीत. हा जांभा दगड. कोकणातल्या माणसाला इथं आणून सोडलं तर तो पहिल्यांदा हाच ओळखेल. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार फुटांच्या आसपास उंचीचं हे लाल पठार काळ्या मातीच्या मधोमध उभं आहे. बिदरच्या किल्ल्याच्या उत्तर बाजूला उभं राहून पावसाळ्यात खाली बघा. मांजरेच्या खोऱ्यात धुकं भरलेलं असतं आणि आपण किनाऱ्यावर उभे आहोत असं वाटतं.

या बेटाला पाणी मात्र आतून आहे. जांभा पोकळ, स्पंजासारखा. पाऊस त्यात मुरत खाली जातो आणि काळ्या कातळाला लागला की थांबतो. पुढं वाट नाही, म्हणून आडवा सरकतो आणि पठाराच्या कडेला कुठंतरी बाहेर येतो. त्याला आम्ही झिरा म्हणतो. बिदरच्या कडेकडेनं असे झिरे आहेत, आणि जिथं झिरा तिथं कुणी ना कुणी देव, गुरू किंवा अवलिया येऊन बसलेला आहे. पापनाशला महादेव. झरणी नरसिंहाला तर लांबलचक भुयारातून कमरेच्या वर पाण्यातून चालत जाऊन दर्शन घ्यावं लागतं. लहान पोरं बापाच्या खांद्यावर, बायकांचे पदर पाण्यावर तरंगतायत, आणि डोक्यावर छताला वटवाघळं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी देवाला काय मागायचं तेच विसरलो होतो.

तिथून जवळच गुरुनानक झिरा. सोळाव्या शतकाच्या आरंभी नानकदेव दक्षिणेच्या फेरीत इथं आले. लोकांनी गोड्या पाण्याचं दुःख सांगितलं, त्यांनी पायानं दगड सारला आणि पाणी फुटलं, असं परंपरा सांगते. चमत्कार आणि भूगर्भशास्त्र यांची झुंज लावायची मला हौस नाही. ते पाणी आजही वाहतं आणि लंगरात कुणालाही जेवायला मिळतं, एवढं मला पुरे. 1699 साली आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी खालसा स्थापन केला, तेव्हा शीर द्यायला उठलेल्या पाच जणांत एक आमच्या बिदरचा होता. भाई साहिबसिंग, जातीनं न्हावी. ही गोष्ट पंजाबात पोराटोरांना ठाऊक आहे. आमच्याकडं दहा जणांना विचारा, दोघं सांगतील.

हेच मुरलेलं पाणी बहमनी काळात इराणी कारागिरांच्या ज्ञानानं जमिनीखालून वाहतं केलं. नौबादची करेज म्हणजे जांभ्यात खोदलेला बोगदा आणि त्याला ठरावीक अंतरानं वर उघडणारी विहिरीसारखी तोंडं. इराणच्या कोरड्या मुलुखातली ही युक्ती. इथं कशी आली? तिथून आमच्या बेटाचा समुद्र सुरू होतो.

बहमनी राज्य 1347 साली उभं राहिलं, राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहानं ती बिदरला हलवली. या राजांना दोन गोष्टींची सदा भूक, घोडे आणि माणसं. दोन्ही समुद्रावरून यायची. इराणच्या आखाताच्या तोंडावर हुर्मुझ नावाचं बेट आहे, जवळजवळ उजाड. पण जगाचा माल तिथं उतरायचा. तिथून गलबतं सुटायची ती चौल, दाभोळ, गोव्याला लागायची, आणि मग घाट चढून बिदरला. महमूद गावान असाच आला. गिलानचा, कॅस्पियनकाठचा माणूस, व्यापाराच्या निमित्तानं दाभोळला उतरला आणि पुढं बहमनींचा वजीर झाला. 1472 साली त्यानं बिदरला मदरसा बांधला. निळ्या-हिरव्या फरशांनी मढवलेली तिमजली इमारत, जणू समरकंदहून उचलून आणलेली. 1481 साली खोट्या पत्राच्या कटात बादशहानं त्याचं डोकं उडवलं. पुढं 1696 साली मदरशात स्फोट झाला आणि दर्शनी भाग ढासळला. जो मिनार उरला आहे त्याच्या फरशा अजून उन्हात चमकतात.

गावान वजीर होता त्याच काळात एक रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरमार्गे बिदरला आला होता. अफनासी निकितिन. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. एक घोडा विकायला घेऊन आलेला हा माणूस, त्यापायी जुन्नरला काय काय सोसलं आणि शेवटी घोडा बिदरला विकला. पण त्यानं जे टिपून ठेवलं ते आमच्या बखरींत सापडत नाही. सरदार चैनीत आणि रयत हलाखीत, हे त्यानं स्वच्छ लिहिलं. आणि आळंदच्या जत्रेचं वर्णन केलं. कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद, पुण्याजवळच्या आळंदीशी घोळ करू नका. तिथं पिराच्या नावानं भरणाऱ्या बाजारात वीस हजार घोडे विकायला येतात, असं तो म्हणतो. आकडा थोडा फुगवलेला असेल. बाजार बघून आलेला माणूस कधी कमी सांगतो का?

समुद्रावरून आलेले सगळेच मर्जीनं आले नव्हते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले हबशी इथं सैनिक झाले, सरदार झाले. दस्तूर दिनार नावाचा हबशी तर गुलबर्ग्याचा धनी होऊन बसला होता. बिदर शहराबाहेर हबशीकोट नावाची टेकडी आहे, तिथं त्यांच्या कबरी आहेत. बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले, त्यातला एक अहमदनगरची निजामशाही. त्या निजामशाहीच्या चाकरीतून कोकण किनाऱ्यावर सिद्दी बळावले आणि मुरुडसमोरच्या जंजिऱ्यावर त्यांनी जे पाय रोवले, ते संस्थान 1948 साली विलीन होईपर्यंत. आता जंजिरा बघायला शिडाच्या होडीतून जाणारे हजारो लोक आहेत. हबशीकोटावर मी गेलो तेव्हा दोन शेळ्या आणि त्यांच्यामागं एक पोरगा होता.

बिदरच्या किल्ल्यात रंगीन महाल आहे, बहमनींनंतरच्या बरीदशाहीतला. काळ्या कुळकुळीत दगडात शिंपल्याचं जडावकाम. कातळ इथला, शिंपला समुद्राचा. या मुलुखाचा इतिहास एका भिंतीवर बघायचा तर ती भिंत बघावी. बिदरी कामाची रीतही तशीच आहे. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी किल्ल्यातल्या जुन्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागची माती नवसागरात कालवून त्यात भांडं उकळायचं. भांडं काळं होतं, चांदी पांढरीच राहते. कला इराणी म्हणतात, पण ही माती लागतेच. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात.

आता अष्टूरला चला. बिदरपासून थोडं खाली उतरलं की घुमटांची रांग दिसते. त्यातला सगळ्यात देखणा घुमट अहमदशहा वलीचा. आत छताला सोनं आणि हिंगूळ वापरून केलेली नक्षी अजून शाबूत आहे. दुष्काळात त्यानं टेकडीवर जाऊन प्रार्थना केली आणि पाऊस आला, म्हणून लोकांनी त्याला वली म्हटलं. त्याच्या बोलावण्यावरून इराणातल्या किरमानच्या शाह नियामतुल्लांचं घराणं बिदरला आलं, आणि तिकडं माहानला त्या संताच्या समाधीवर घुमट चढवायला पैसा गेला तो या बादशहाचा. हे झालं इतिहासाच्या पुस्तकातलं. लोकांचं पुस्तक वेगळं आहे. लिंगायत मंडळी याला आपला संत अल्लमप्रभू मानतात. इथला उरूस हिजरी महिन्यानं होत नाही, आपल्या पंचांगाप्रमाणं, होळीच्या आगेमागे होतो. आणि त्या उरुसाला मान कुणाचा? कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळ गावच्या जंगमाचा. तो आपल्या माणसांसह चालत येतो, अंगावर फकिरासारखा वेश, आणि शंख फुंकत कबरीपाशी जातो. शंख थांबला की फातेहा.

हे कसं जमलं असं मी तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "जमायचं काय त्यात? पाऊस त्यानंच आणला न्हवं?" पुढं मी काही विचारलं नाही.

मराठीचं काय, असं तुम्ही म्हणाल. या बेटावर मराठी पाहुणी नाही. आजचं बसवकल्याण ही चालुक्यांची कल्याणी. पुढं बाराव्या शतकात बसवण्णांनी वचनं रचली ती इथं. त्याच्या थोडं आधी, 1129 च्या सुमारास, तिसऱ्या सोमेश्वर राजाच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद त्या ग्रंथात आहे. ओवीचा इतका जुना दाखला क्वचितच मिळतो, आणि तो कानडी राजाच्या संस्कृत पोथीत. ज्ञानेश्वरी त्याच्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा कीर्तनात ऐकली असेल. कोठार लुटवलं, आणि विठोबा विठू महार होऊन पैसे भरायला गेला तो बेदरच्या, म्हणजे आमच्या बिदरच्या, बादशहाकडं. गुरुचरित्र वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, बेदरचा यवन राजा मांडीला फोड घेऊन नृसिंहसरस्वतींकडं येतो. त्यांचं भीमा-अमरजा संगमावरचं गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात. रोज दुपारी तिथं माधुकरीला झोळी पसरून उभी राहिलेली माणसं बघा, निम्मी पुण्या-सोलापूरकडची. आणि गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर? स्वतः कानडी घरातले, ग्रंथ मात्र मराठीत. हुमनाबादजवळचे माणिकप्रभू 1817 चे. त्यांनी पदं मराठीत केली, कानडीत केली, हिंदुस्थानीत आणि संस्कृतातही केली. त्यांच्या संप्रदायाचं नावच सकलमत. माणिकनगरला दत्तजयंतीला गेलात तर दरबारात कोणत्या भाषेचं पद चाललंय हे ओळखण्यात वेळ घालवू नका, पुढचं निसटेल.

1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि 1 नोव्हेंबर 1956 ला त्याची वाटणी झाली. तेव्हा जुना बिदर जिल्हाही तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी बाजूला. जहिराबाद, नारायणखेड तेलुगू बाजूला. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडं. सीमेचं दुःख आमच्या घरातही आहे, त्यावर बोललो तर वेळ पुरायचा नाही. एवढंच सांगतो, माझ्या आत्याचं सासर उदगीरकडं. तिचं माहेर एका रात्रीत परराज्य झालं आणि तिला ते कळलं बसच्या तिकिटावरून.

येळवस मात्र वाटली गेली नाही. मार्गशीर्षाची अमावस्या. नावातला येळ कानडी एळ्ळु, म्हणजे तीळ, असं जाणते सांगतात. लातूर-धाराशिवपासून बिदर-कलबुर्गीपर्यंत त्या दिवशी घराला कुलूप आणि माणसं शेतात. कडब्याची कोप घालायची, चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, रानात आंबील शिंपडायची. वालाच्या शेंगा, तूर, हरभरा, वाटाणा, जे हिरवं सापडेल त्याची बेसन लावून भज्जी. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आंबील ज्या मडक्यातून येते ती बिंदगी, कानडीतली बिंदिगे. आमच्या आईला ते कानडी आहे हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, असू दे, आधी भर.

तुम्ही अवश्य या. फक्त त्या दिवशी बिदर किंवा भालकीच्या बाजारात जेवण मिळेल या भरवशावर राहू नका. बहुतेक दुकानं बंद असतात. स्टँडवर उतरा आणि कोणत्याही पांदीनं रानात शिरा. जी पहिली कोप दिसेल, तिथं थांबा.