निर्णयसागरी अक्षर : रूप आणि उपयोग



वाचकाची पहिली भेट होते ती अक्षराशी. लेखकाची ओळख मागाहून. तरीही ग्रंथपरिचयात लेखक, प्रकाशक आणि किंमत यांचा उल्लेख येतो, अक्षराचा येत नाही. ज्या छापील अक्षरावर मराठी व संस्कृत वाचकांच्या पिढ्या वाढल्या, त्या निर्णयसागरी टंकाचे स्मरण म्हणूनच उचित ठरावे.

मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक खिळे घडविले. तेथेच उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्या कसबाची त्यांना जोड मिळाली आणि खिळ्यांत बोरूचे वळण उतरले.

हे वळण म्हणजे काय? रोमन लिपीच्या रुंद लेखणीने उजवीकडे उतरणारी रेघ भरते. देवनागरीच्या बोरूचा छाट उलट्या बाजूस तिरका असतो. त्यामुळे डावीकडे उतरणारी रेघ पुष्ट होते आणि उजवीकडे उतरणारी कृश. रोमन अक्षराच्या टोकांना आडवे पाय असतात व त्यांमुळे ओळ स्थिर भासते. देवनागरीत ते कार्य शिरोरेघ करते. निर्णयसागरी अक्षरात ही जाडबारीक चाल संयमाने राखलेली आहे. गाठींच्या पोकळ्या मोकळ्या आहेत, मात्रा स्पष्ट आहेत. म्हणूनच ते दीर्घ वाचनाला मानवते.

त्याचा खरा कस संस्कृत ग्रंथांत लागला. मूळ श्लोक मोठ्या खिळ्यांत, टीका त्याहून लहान, पाठभेद तळाशी आणखी बारीक. एकाच पृष्ठावर तीन पायऱ्या, तरी नजर अडखळत नाही. १८८६ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्यमाले’ने ही शिस्त घरोघरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचविली.

या सौंदर्याची किंमतही होती. जोडाक्षरांमुळे खिळ्यांचे शेकडो घर सांभाळावे लागे आणि जुळाऱ्याचे काम जिकिरीचे होई. ही संख्या घटविण्यासाठी लोकमान्य टिळकांनीही परिश्रम घेतले. पुढे जुळणीची यंत्रे आली. त्यांच्या सोयीसाठी अनेक जोडाक्षरे मोडून पाय मोडलेल्या अक्षरांनी काम भागविले गेले. संगणकामुळे ती जोडाक्षरे पुन्हा लिहिता येऊ लागली. पण त्यांचे मूळ वळण पाहण्यासाठी जुन्या छपाईकडेच जावे लागते.

येथे ग्रंथालयांची जबाबदारी सुरू होते. नवी आवृत्ती आली की जीर्ण प्रत काढून टाकण्याची प्रथा आहे. मजकूर नव्या प्रतीत टिकतो, अक्षर टिकत नाही. छायाप्रतीत आकार येतो. कागदावर उमटलेला खिळ्याचा दाब येत नाही. तेव्हा जुन्या ग्रंथांच्या नोंदीत छापखान्याचे नाव व मुद्रणवर्ष अवश्य लिहावे, आणि प्रत्येक जुन्या छापखान्याच्या कामाची एक तरी चांगली प्रत काढून टाकण्याच्या यादीतून कायमची वगळावी. तिची पाने कोरडी, सावलीत व सपाट ठेवावीत. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेने पुस्तकाबरोबर त्याचे अक्षरही जपावे, हेच मागणे.