गिऱ्हाइकाचा फोन आपण उचलला पाहिजे
(पोखर्णी, जि. परभणी येथील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



परभणी–परळी मार्गावरच्या आपल्या स्टेशनच्या पाटीवर 'पोखर्णी नृसिंह' असे लिहिले आहे. देवाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात आज आम्ही बोलणार आहोत ते टेलिफोनबद्दल. कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून हे काय काढले, असे काहींना वाटेल. पण अर्धा तास ऐकून घ्या. हा विषयही शेवटी भावाचाच आहे.

आम्ही पाच-सहा घरे मिळून थोडा व्यवहार करतो. सगळे कोरडवाहू. खरिपात कापूस आणि तूर, रब्बीत ज्वारी. कापसाचे काही आमच्या हातात नाही. तो जिनिंगवर जातो आणि तिथल्या काट्यावर आणि तिथल्या भावाने मोजला जातो. पण ज्वारी, तुरीची डाळ आणि घरच्या बायका करतात ते ज्वारीचे पापड आम्ही मोंढ्यात न नेता थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवू लागलो. ऑर्डर मोबाइलवर येते, पैसे मोबाइलवर येतात, माल पार्सलने जातो. ना दुकान, ना गादी, ना आडत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून शहरातल्या माणसाला भाकरीची आठवण जास्त येऊ लागली आहे. त्याचा फायदा दुसऱ्या कुणी घेण्याआधी आपण का घेऊ नये, एवढाच आमचा विचार होता.

तोटा सोंड्यांनी केला नाही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याच्या एका बाईंना पाठवलेल्या ज्वारीत सोंडे निघाले. ज्वारीत सोंडे निघतात, हे तुम्हा-आम्हाला नवीन नाही. ऊन कमी लागले, पोत्यात ओल राहिली की होते. बाईंनी आम्हाला फोन लावला. दिलेला नंबर आमच्यातल्या एकाचा. तो कापूस वेचायला शेतात, फोन घरी चार्जिंगला. दुसऱ्या दिवशी फोन आखाड्यावर, पण रेंज नाही. तिसऱ्या दिवशी लागला तो पोराने उचलला आणि 'बाबा नाहीत' म्हणून ठेवून दिला. चौथ्या दिवशी बाईंनी फोन करणे सोडले आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांना सांगितले. त्या एका बिल्डिंगमध्ये आमचे बारा घरांचे गिऱ्हाईक होते. सगळे गेले.

आम्हाला राग आला. पाच-दहा किलो ज्वारीत किडे निघाले म्हणून एवढे? मग आमच्यातल्याच एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, "बियाण्याच्या कंपनीला तुम्ही फोन लावत होतात तेव्हा काय झालं होतं?"

आम्ही गप्प झालो.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, ते इथे कोण विसरला आहे? जी फॉर्म भरण्यासाठी कृषी खात्यापुढे रांगा लागल्या होत्या. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही, तेव्हाही मराठवाड्यात हजारोंनी तक्रारी झाल्या. आम्ही त्या वेळी पिशवीवर छापलेला फुकटचा नंबर लावला होता. आधी बाजा वाजला. मग एक बाई म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पुन्हा बाजा. एक दाबा, दोन दाबा, आणि शेवटी फोन कट. नुकसान झाल्याचे दुःख एक असते, आणि ते कुणी ऐकूनही घेत नाही याचे दुसरे. हे दुसरे दुःख शेतकऱ्याइतके कुणाला कळते? आणि तेच आम्ही पुण्याच्या बाईंना दिले होते. आमचे गिऱ्हाईक सोंड्यांनी तोडले नाही, आमच्या न बोलण्याने तोडले.

तारेपासून इंटरनेटपर्यंत

आपल्यातल्या जुन्या माणसांना ट्रंक कॉल आठवत असेल. नंबर लिहून द्यायचा आणि ताटकळत बसायचे. पुढे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइलचा कॉल झाला, पण तेव्हा फोन आलेल्यालाही मिनिटाचे पैसे पडत. २१ जानेवारी २००४ ला किसान कॉल सेंटर सुरू झाले. १८००-१८०-१५५१ या नंबरावर आपण आपल्या भाषेत पिकाची अडचण विचारू शकतो. आणि २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले तेव्हा आवाजही इंटरनेटवरून जाऊ लागला.

हा इंटरनेटचा कॉल म्हणजे काय ते समजून घ्या. जुन्या फोनमध्ये दोघे बोलत असले की त्यांच्यासाठी एक अख्खी वाट राखून ठेवलेली असे. बोला की गप्प बसा, वाट अडलेलीच. म्हणून ते महाग. इंटरनेटमध्ये आपल्या आवाजाचे बारीक तुकडे होतात. साधारणपणे एका सेकंदाचे पन्नास. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक लिहिला जातो, आणि तो सगळ्यांच्या सामाईक रस्त्याने निघतो. जसे एका शेतातले कट्टे वेगवेगळ्या गाड्यांतून मोंढ्यात जावेत आणि तिथे नंबर बघून परत एका थप्पीला लागावेत, तसे. एखादा कट्टा उशिरा आला तर थप्पी त्याच्यासाठी थांबत नाही. तो सोडून पुढे चालते. म्हणून इंटरनेटच्या कॉलमध्ये मधेच शब्द गळतात. आवाज पोहोचायला दीडशे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा सातवा हिस्सा, यापेक्षा फार उशीर लागला की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. गिऱ्हाइकाला वाटते हा माणूस मधेच तोंड घालतो. प्रत्यक्षात दोष रेंजचा असतो.

याला डेटा मात्र फार लागत नाही. न दाबलेल्या आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात. दाबला तर त्याहून पुष्कळ कमी. तासभर बोलले तरी शंभर एमबीच्या आत काम होते. रोजच्या रिचार्जमध्ये ते सहज बसते. व्हिडिओ लावला की मात्र हिशेब बिघडतो. माल दाखवायचा तर फोटो पाठवा आणि बोला आवाजावर.

आम्ही काय केले

पहिले काम केले ते असे की नंबर एका माणसाचा ठेवला नाही. व्यवहाराचे वेगळे सिम घेतले आणि त्यावर व्यापाऱ्यांसाठी असलेले फुकटचे व्हॉट्सअ‍ॅप टाकले. हे २०१८ सालापासून मिळते. त्यात मालाची यादी फोटोसह लावता येते. आपण शेतात असलो तर 'संध्याकाळी सहा ते आठ या वेळात बोलू' असा निरोप आपोआप जातो. गिऱ्हाइकाने त्यावरूनच कॉल केला तर तो इंटरनेटचा कॉल होतो, वेगळे पैसे पडत नाहीत.

दुसरे काम वर्षभराने केले. फोन वाढले तेव्हा एका परवानाधारक कंपनीकडून इंटरनेटवर चालणारा नंबर घेतला. गिऱ्हाइकाला एकच नंबर दिसतो. पण तो लागला की आधी एका घरी वाजतो, तिथे उचलला नाही तर दुसऱ्या घरी, मग तिसऱ्या. कुणीच उचलला नाही तर चुकलेल्या कॉलची नोंद सगळ्यांना दिसते. याला महिन्याचे भाडे आहे. म्हणून सांगतो, दिवसाला दोन-तीन फोन येत असतील तर हे घेऊ नका. आधी गिऱ्हाईक जमवा, मग यंत्र.

तिसरे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचे. दोनशे पानी वही. तारीख, नाव, गाव, तक्रार, काय उत्तर दिले, कधी मिटले. फोन कुणीही उचलो, वही पाहिली की मागचे कळते. गिऱ्हाइकाला तेच रडगाणे पुन्हा सांगावे लागत नाही.

आणि फोन उचलण्याचे काम आम्ही घरातल्या सुनांकडे आणि बारावी झालेल्या पोरींकडे दिले. फुकट नाही. व्यवहारातून त्यांचा हिस्सा आधी काढतो. त्या शांतपणे ऐकतात आणि ज्वारी कशी निवडली हे त्यांनाच पुरुषांपेक्षा जास्त माहीत असते.

बोलायचे काय

खरे बोलायचे. ज्वारी खरिपाची की रब्बीची, ते आधीच सांगायचे. खरिपाची संकरित ज्वारी पावसात सापडली की काळी पडते. गिऱ्हाइकाला मालदांडी सांगून ती द्यायची नाही. परभणीच्या विद्यापीठाची 'परभणी मोती' असेल तर तसे सांगा. 'परभणी शक्ती' असेल तर सांगा की हा वाण २०१८ साली आला आणि त्यात लोह व जस्त जास्त आहे. पण ही भाकरी खाऊन साखरेचा आजार बरा होतो, असे सांगू नका. आपण शेतकरी आहोत, वैद्य नाही. उद्या त्या माणसाने गोळ्या बंद केल्या तर ते पाप कुणाच्या माथी?

माहीत नसेल तर 'विचारून उद्या सांगते' म्हणा, आणि उद्या खरोखरच सांगा. चूक आपली असेल तर मान्य करा आणि माल बदलून द्या. कायदाही तेच सांगतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे इंटरनेटच्या बाजारात माल विकणाऱ्याने तक्रार पोहोचल्याचे ४८ तासांत कळवले पाहिजे आणि महिनाभरात ती निकाली काढली पाहिजे. तसे उत्तर आपल्याला बियाण्याबद्दल मिळावे, असे आपण म्हणतो ना? मग सुरुवात आपल्या ओट्यावरून करू.

खड्डे कुठे आहेत

एक, लाइट. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळत असे. गावात अंधार असला तरी तो वाजे. इंटरनेटचे तसे नाही. डीपी जळाली, राउटर बंद पडला की फोन मुका. म्हणून छोटी बॅटरी ठेवा आणि मोबाइलचे सिम चालू ठेवा. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका लागली तर १०८ साध्या मोबाइलवरूनच लावा, इंटरनेटच्या नंबरावर विसंबू नका.

दोन, कायदा. इंटरनेटवरून साध्या फोनवर बोलण्याची सेवा देण्याचा अधिकार परवाना असलेल्या कंपन्यांनाच आहे. २०१८ पासून ही वाट देशात नीट मोकळी झाली. 'दहा-वीस सिम द्या, आमची पेटी घरात ठेवा, महिन्याला पैसे देतो' असे कुणी म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. अशा पेट्यांतून बेकायदा एक्स्चेंज चालतात आणि पोलीस येतात ते ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्याकडे.

तीन, फसवणूक. 'ऑर्डरचे पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका' असे सांगणारे फोन येतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. एवढे एक वाक्य घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. फसलातच तर लाजू नका, लगेच १९३० वर कळवा. जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

चार, गिऱ्हाइकाचा विश्वास. कॉल रेकॉर्ड करायचा तर आधी सांगून करा. त्याचा नंबर आणि पत्ता ही आपल्याकडची ठेव आहे, ती दुसऱ्याला विकायची नाही.

शेवटचे

काही भाऊ विचारतील, पेरणीच्या दिवसांत फोनवर बसायला वेळ कुठे आहे? दिवसभर बसू नका. दोन तास ठरवा, ते कळवा आणि ते पाळा. वेळ कमी असण्याचा राग गिऱ्हाईक धरत नाही, शब्द मोडल्याचा धरते.

आम्ही खोटी आशाही लावणार नाही. फोनने पाऊस पडत नाही. फोनने कापसाचा भाव वाढत नाही. ज्वारीचे सगळे पीक पार्सलने जाईल असेही नाही. आमचाही बराचसा माल अजून मोंढ्यातच जातो. पण जे चार कट्टे थेट जातात, त्यांचा भाव आम्ही सांगतो आणि गिऱ्हाईक ऐकते. आयुष्यभर आपण दुसऱ्याने सांगितलेला भाव ऐकत आलो. भाव सांगण्याचा मान मिळतो, तेव्हा जाब देण्याची जबाबदारीही अंगावर येते. दोन्ही एकाच तारेवर आहेत. एक घेऊन दुसरी टाकता येत नाही.

पुण्याच्या त्या बाईंचे काय झाले, हे सांगायचे राहिले. वही सुरू केली त्या दिवशी पहिल्या पानावर त्यांचे नाव लिहिले आणि आम्हीच फोन लावला. माफी मागितली, सोंडे कशाने झाले ते सांगितले, नवी ज्वारी फुकट पाठवतो म्हणालो. बाई म्हणाल्या, फुकट नको, पण पुढच्या वेळी फोन उचला. बारापैकी सात घरे परत आली. पाच आली नाहीत. ती पाच नावेही वहीत आहेत.

गावी गेल्यावर तुमच्यापैकी जे थेट विकतात त्यांनी आज रात्री एवढे एकच करावे. आपल्या फोनमधले चुकलेले कॉल बघावेत, आणि एकेकाला परत लावावेत.

एवढे बोलून थांबतो.