शिंचूचा शेजारधर्म

तैवान बेटाच्या वायव्येस शिंचू नांवाचें शहर आहे. जोराचा वारा आणि तांदुळाच्या शेवया यांबद्दल त्याची जुनी ख्याति. आज जगांतील गणकयंत्रांना लागणाऱ्या सूक्ष्म चिपांसाठीं त्याचें नांव घेतलें जातें. हें स्थित्यंतर कोणा एका धनाढ्य कारखानदारानें घडविलें नाहीं. तें शेजारधर्माचें फळ आहे.

१९७३ सालीं तेथील सरकारनें औद्योगिक तंत्रसंशोधन संस्था स्थापिली. बेटावरील बहुतेक कारखाने लहान. स्वतंत्र प्रयोगशाळा बाळगणें त्यांच्या आवांक्याबाहेरचें. तेव्हां प्रयोगशाळा सर्वांची व कारखाना ज्याचा त्याचा, असा मार्ग निघाला. १९७६ सालीं अमेरिकेंतील आर.सी.ए. कंपनीशीं करार होऊन तरुण अभियंते शिकावयास गेले. त्यांनीं आणलेली विद्या संस्थेनें कुलुपांत ठेविली नाहीं. माणसांसकट ती नव्या कंपन्यांच्या स्वाधीन केली. १९८० सालीं यु.एम.सी. ही कंपनी अशीच जन्मास आली. त्याच वर्षीं शिंचूस विज्ञान-उद्यान उघडलें; दोन विद्यापीठें जवळच होतीं.

१९८७ सालीं मॉरिस चँग यांनीं सरकारच्या व हॉलंडच्या फिलिप्स कंपनीच्या भांडवलावर तैवान सेमिकंडक्टर कंपनी उभारली. दुसऱ्यांनीं आंखलेल्या चिपा घडवून द्यावयाच्या, स्वतःच्या नांवानें एकहि विकावयाची नाहीं, हा तिचा नेम. सोनारानें घडण करावी, पण दागिन्यांचें दुकान मांडूं नये, तसें हें झालें. स्पर्धेचें भय नाहीं, म्हणून गिऱ्हाइकें आपलीं गुपितें निर्धास्तपणें तिच्या हातीं देऊं लागलीं. एकानें आराखडा काढावा, दुसऱ्यानें घडवावें, तिसऱ्यानें पारखून वेष्टनांत बसवावें, अशी वांटणी झाल्यामुळें थोड्या भांडवलाच्या मंडळींनाहि या धंद्यांत पाऊल टाकतां आलें.

परंतु या धंद्यास शुद्ध पाणी विपुल लागतें. २०२० सालीं तैवानच्या किनाऱ्यावर एकहि तुफान धडकलें नाहीं. २०२१ सालीं तलाव आटले. तेव्हां भातशेतीचें पाणी तोडण्यांत आलें व कारखाने चालू राहिले. शेतकऱ्यांस भरपाई मिळाली, हें खरें. परंतु भरपाई हंगामाची होते, तुटलेल्या गिऱ्हाइकाची होत नाहीं.

विद्यापीठ, सरकार व कारखानदार यांनीं एकमेकांस हात दिला, हा शिंचूचा धडा कोणत्याहि देशानें गिरवावा. मात्र तो गिरवितांना, ज्याच्या पाटाचें पाणी वळवावें लागतें, त्या शेतकऱ्यासहि शेजाऱ्यांत मोजावें; नाहीं तर तो शेजारधर्म अर्धाच राहील.