बालकें आणि बोलकीं चित्रें

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या दिवसांत मागील पिढ्यांचें स्मरण करणें उचितच आहे. परंतु आज आम्हांस आपणांशीं जें बोलावयाचें आहे, तें अगदीं धाकट्या पिढीविषयीं, म्हणजे खुर्चीवर बसलें असतां ज्यांचे पाय अद्याप जमिनीस टेंकत नाहींत अशा बालकांविषयीं आहे. विषय दिसावयास लहान आहे. दूरचित्रवाणीवर व हातांतील फोनवर लहान मुलांकरितां जीं हलतीं-बोलतीं चित्रें दाखविलीं जातात, ज्यांस घरोघरीं कार्टून म्हणतात, त्यांविषयीं आम्ही चार शब्द सांगणार आहों.

प्रथम आमच्याच हातून घडलेली एक चूक कबूल करितों. महोत्सवाच्या वर्गणीकरितां आम्ही एका घरीं गेलों होतों. ओटीवर आजोबांशीं हिशेबाचें बोलणें चाललें होतें व आंत त्यांचा चार वर्षांचा नातू दूरचित्रवाणीपुढें बसला होता. चित्रांतील मुलीनें हिंदींतून विचारलें कीं, पूल कोठें आहे, तुम्हांला दिसला काय? एवढें विचारून ती गप्प राहिली. मुलगा ताडकन् उठला आणि मराठींत ओरडला, "तुझ्या मागेंच आहे! मागें बघ!" क्षणभरानें चित्रांतील मुलीनें त्याला शाबासकी दिली व ती पुलाकडे निघाली. तो धांवत ओटीवर आला आणि आम्हांस सांगूं लागला, "फादर, तिनें माझें ऐकलें!" आम्ही मान वर न करितांच "हो, हो" म्हटलें आणि वहींतील आंकडे पुढें वाचूं लागलों. मुलगा थोडा वेळ तेथें उभा राहिला व आंत परत गेला. त्या सकाळीं त्या घरांत त्याच्या उत्तराची वाट पाहणारें असें एक चित्रच काय तें होतें. आणि त्या चित्राला कान नव्हते.

बालकास प्रश्न विचारून थांबण्याची ही रीत मोठ्या विचारानें योजिलेली आहे. तिचें उत्तम उदाहरण अमेरिकेंतील 'ब्लूज क्लूज' या मालिकेंत सांपडतें. ८ सप्टेंबर १९९६ रोजीं निकेलोडियन या वाहिनीवर ती सुरू झाली. एक निळी कुत्री तीन वस्तूंवर आपल्या पंजाचे ठसे उमटविते आणि स्टीव्ह नांवाचा एक खराखुरा तरुण, कागद कापून केल्यासारख्या दिसणाऱ्या चित्रांच्या घरांत हिंडून, त्या खुणांवरून कोडें सोडवितो, इतकीच तिची कथा असे. मात्र तो तरुण एकट्यानें कोडें सोडवीत नसे. तो पडद्याबाहेर पाहून मुलांस विचारी आणि मग उत्तरास पुरेल इतका वेळ स्तब्ध राही. शिवाय प्रारंभीं तिचा एकच भाग सोमवारपासून शुक्रवारपर्यंत सलग पांच दिवस दाखविला जाई. मोठ्या माणसांस हें कंटाळवाणें वाटेल. परंतु काल सांगितलेली गोष्टच आज पुन्हा सांग, असा हट्ट धरणारें नातवंड ज्या आजीनें मांडीवर घेतलें आहे, तिला यांत नवल वाटणार नाहीं. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांतही असेंच दिसून आलें कीं, तोच भाग पुनःपुन्हा पाहणाऱ्या मुलांस तो अधिक चांगला समजे, आणि तीं अधिकाधिक मोकळेपणानें उत्तरें देऊं लागत.

या मालिकेची पुढील हकीकत आमच्या मनास फार लागली. स्टीव्ह बर्न्स हा तरुण २००२ सालीं मालिकेंतून गेला. सप्टेंबर २०२१ मध्यें मालिकेस पंचवीस वर्षें झालीं, तेव्हां त्यानें आपल्या जुन्या प्रेक्षकांस, म्हणजे एव्हांना संसारास व नोकरीस लागलेल्या स्त्रीपुरुषांस, एक छोटा चित्रसंदेश दिला. मी अकस्मात् गेलों खरा, पण तुम्हांस कधीं विसरलों नाहीं, असा त्याचा भावार्थ होता. तो ऐकून आपल्या डोळ्यांस पाणी आलें असें पुष्कळांनीं उघडपणें लिहिलें. हें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. जें माणूस आपल्याला विचारतें आणि आपल्या उत्तरासाठीं थांबतें, त्यास मूल आयुष्यभर आपलें मानतें. परंतु त्या तरुणास मुलांचें एकही उत्तर ऐकूं गेलें नव्हतें. उत्तरें दिवाणखान्यांत पडत होतीं. तीं ऐकण्यास कोणी होतें कीं नाहीं, हें ज्या त्या घराचें ज्या त्या घरास ठाऊक.

ऐकणारें माणूस जवळ असण्याचें महत्त्व कोणास भाबडें वाटेल, तर सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत पॅट्रिशिया कूल व त्यांचे सहकारी यांनीं केलेला, २००३ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांचीं बालकें त्यांनीं घेतलीं. कांहीं बालकांसमोर चिनी भाषा बोलणारें माणूस प्रत्यक्ष बसून पुस्तकें वाची व खेळणीं दाखवी. अशा बारा बैठकी झाल्यावर त्या बालकांस चिनी भाषेंतील ध्वनींचे बारीक भेद ओळखतां येऊं लागले. दुसऱ्या बालकांस तीच भाषा तितकाच वेळ पडद्यावरून ऐकविली. त्यांस त्यांतील कांहींही साधलें नाहीं. ध्वनि तेच होते. समोर माणूस नव्हतें.

चित्रांच्या वेगाविषयींही दोन शब्द बोलणें अवश्य आहे. व्हर्जिनिया विद्यापीठांतील दोन विदुषींनीं २०११ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट करून एका गटास 'स्पाँजबॉब' हें भरधांव कार्टून नऊ मिनिटें दाखविलें. त्यांतील देखावा सरासरीनें दर अकरा सेकंदांस बदलतो. दुसऱ्या गटास सुमारें चौतीस सेकंदांनीं देखावा बदलणारें संथ कार्टून दाखविलें आणि तिसऱ्यास रंग व कागद दिले. लगेच घेतलेल्या परीक्षांत, म्हणजे सांगितलेला नियम ध्यानीं धरणें, समोरच्या खाऊकरितां धीर धरणें अशा गोष्टींत, पहिला गट चित्रें काढणाऱ्या मुलांपेक्षां पुष्कळ मागें पडला. न्यायास धरून हेंही सांगितलें पाहिजे कीं, मुलें थोडीं होतीं, परिणाम किती काळ टिकतो हें त्यांत तपासलें नव्हतें, आणि आमचें कार्टून सहा वर्षांवरील मुलांकरितां आहे असें वाहिनीचें म्हणणें पडलें. परंतु आमच्या घरांत रिमोट ज्याच्या हातीं असतो, तो स्वतःचें वय विचारीत बसत नाहीं.

येथें कोणी मातेनें मान खालीं घालावी असा आमचा हेतु मुळींच नाहीं. पहांटेची लोकल गांठणारी आई, संध्याकाळीं परत येऊन चुलीपाशीं उभी राहते, तेव्हां मूल अर्धा तास एके ठिकाणीं बसावें म्हणून तिनें चित्रें लावून दिलीं, तर तिला दोष देण्याचा अधिकार ज्यानें तें मूल सांभाळलें आहे त्यालाच आहे. आणि तसा माणूस बहुधा दोष देत नाहीं. आमचा प्रश्न त्या अर्ध्या तासाविषयीं नाहीं. तो पुढें तीन तासांचा होतो, आणि त्या तीन तासांत मुलाशीं कोणीच बोलत नाहीं, याविषयीं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलेली मर्यादा स्पष्ट आहे: दोन वर्षांच्या आंतील बालकांस पडदा दाखवूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकांठीं एका तासाहून अधिक दाखवूं नये, त्याहून कमी तर अधिक बरें.

भाषेचाही विचार यांतच येतो. आमचीं पुष्कळ मुलें शाळेंत जाण्यापूर्वींच कार्टूनची हिंदी बोलूं लागतात. बांगलादेशांत याच काळजीनें सरकारनें २०१३ सालीं हिंदींतील 'डोरेमॉन' बंद केलें. बंदीचा मार्ग आम्ही सुचवीत नाहीं. दुसरी भाषा येणें हा तोटा नव्हे. पण चित्रानें हिंदींत विचारलें असतां शेजारीं बसलेल्या आजीनें मराठींत "अरे, खरेंच कीं! पूल कोठें गेला?" एवढें म्हटलें, तर मुलाच्या पदरीं दोन भाषा पडतात. आजी तेथें नसेल, तर त्याची आपली भाषा मुकी राहते.

म्हणून आमची विनंति थोडकी आहे. संथ व थांबणारीं चित्रें निवडावीं. तोच भाग मुलानें पुन्हा मागितला तर द्यावा. जेवतांना व निजतांना पडदा बंद असावा. आणि चित्र संपल्यावर घरांतील कोणी तरी, मग तो बाप असो, आत्या असो वा शेजीबाई असो, त्यांत काय झालें तें मुलास विचारावें व त्याचें सांगणें शेवटपर्यंत ऐकावें. यास पैसा लागत नाहीं. वेळ मात्र लागतो, आणि तोच काढणें कठीण, हें आम्ही स्वानुभवानें जाणतों.

पुढील खेपेस त्या घरीं गेलों, तेव्हां वही पिशवींतून काढण्यापूर्वीं आम्हीं त्या मुलास हांक मारिली आणि विचारलें, "कां रे, ती पुलावरून पलीकडे पोंचली कां?" त्यानें प्रथम आमच्याकडे संशयानें पाहिलें. मग तो ओटीवर येऊन बसला आणि पूल, नदी, डोंगर असें सर्व वर्णन त्यानें सांगितलें. त्यांतील बराचसा भाग, आमची खात्री आहे, कोणत्याही वाहिनीनें दाखविलेला नव्हता. त्या दिवशीं हिशेबास वीस मिनिटें उशीर झाला. वर्गणींत त्यामुळें एक रुपयाही उणा पडला नाहीं.