उद्योगाची वाढ आणि भांडवलाची निवड
(पालघर येथील ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



व्यासपीठावरून उपदेश करावा असा माझा पिंड नव्हे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत लेथ यंत्रापाशी माझी बरीचशी हयात गेली. नवउद्योजकांस दोन शब्द सांगावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे. तरुण मंडळी आज ज्यास 'स्टार्टअप' म्हणतात त्याचे नाव नवे असेल, पण विवंचना जुनीच आहे: पैसा कोणाचा घ्यावयाचा आणि कशासाठी?

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, आणि पुढे बोईसरच्या परिसरात रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने उभे राहिले. त्यांत आपण बहुतांशी नोकरीस गेलो. मालक म्हणून फार थोडे गेलो. कारण बुद्धीची उणीव नव्हे. चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यात दागिन्यांचे साचे घडविणारे डायमेकर आहेत. पोलादात सुबक नक्षी कोरणाऱ्या माणसास कसब शिकवावे लागत नाही. हिशेब मात्र आपणांपैकी पुष्कळांस कोणी शिकविला नाही.

मी तो धडा फार महाग शिकलो. कारखान्यास सहा वर्षे झाली असता एका मोठ्या गिऱ्हाइकाने मागणी एकदम तिप्पट केली. मी हर्षभरित होऊन वाडी गहाण टाकली व दोन नवी यंत्रे आणली. माल वेळेवर जाऊ लागला. पैसा मात्र चार-चार महिने येईना. लोखंडवाल्यास रोख हवे, कामगारांस पगार सात तारखेस हवा, बँकेचा हप्ता दहा तारखेस. वहीत नफा आणि गल्ल्यात खडखडाट! अखेरीस वडिलांनी लावलेली अर्धी वाडी विकून मी मोकळा झालो. आई त्या बांधाच्या वाटेने पुन्हा कधी गेली नाही.

आता यातील गणित पाहा. महिन्यास ४ लाखांचा माल विकून पैसा चार महिन्यांनी येत असेल, तर १६ लाख सदैव लोकांकडे अडकलेले. विक्री तिप्पट झाली की ४८ लाख. त्यातून आपला नफा वजा केला तरी मधला खड्डा कोण भरणार? मी यंत्रांसाठी कर्ज काढले, या खड्ड्यासाठी काढले नाही. यंत्रास दीर्घ मुदतीचे कर्ज आणि कच्च्या मालास खेळते भांडवल, ही दोन पात्रे निराळी ठेवावीत. मागणी वाढविण्यापूर्वी गिऱ्हाइकाशी पैशाची मुदत ठरवावी. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे. विलंबास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी आधी करून ठेवावी. अर्थात गिऱ्हाईक तुटेल या भीतीने लहान माणूस कायद्याचे नाव काढीत नाही, हेही मी जाणतो. मीही काढले नव्हते. म्हणून एकाच गिऱ्हाइकावर सारा संसार उभा करू नये.

वाडी गहाण टाकल्यावाचून कर्ज मिळत नाही, हा समजही सोडावा. सन २००० पासून लहान उद्योगांच्या कर्जास तारणाऐवजी हमी देणारा न्यास केंद्र सरकार व सिडबी यांनी चालविला आहे. बँकेतील अधिकारी सातबारा मागेलच, कारण ते त्यास सोयीचे असते; हमीचे नाव आपणच प्रथम काढावे.

मेहुण्याकडून, काकांकडून घेतलेल्या पैशाविषयी थोडे कठोर बोलतो. आपल्यात हा व्यवहार तोंडी होतो आणि पुढे लग्नकार्यात पंगतीस बसणे बंद होते. हे कर्ज की भागीदारी, ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहावे. मामांना राग आला तरी चालेल.

बाहेरच्या भांडवलदारास हिस्सा द्यावा काय? आपल्या तारापुरात ज्यांचा कारखाना आहे त्या कॅम्लिनचे उदाहरण पाहा. १९३१ साली मुंबईस गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईची पूड व वड्या करण्यापासून आरंभ केला. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात बहुमताचा हिस्सा घेतला. कित्येकांस याची हळहळ वाटते. मला तितकीशी वाटत नाही. ऐंशी वर्षांनी नाव व कारखाने उभे असताना केलेला तो सौदा होता. परंतु दुसऱ्याच वर्षी, पगाराची चणचण भागविण्यासाठी जो निम्मा हिस्सा देतो, तो भांडवल घेत नसून मालकी स्वस्तात फुंकून टाकीत असतो.

आणखी एक खर्च आरंभीच्या अंदाजपत्रकात कोणी धरीत नाही: सांडपाण्याचा. २०२२ साली राष्ट्रीय हरित लवादाने तारापूरच्या शंभराहून अधिक कारखान्यांवर भरपाईचा बोजा टाकला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. खाडीकाठचे मासे ज्यांच्या ताटात असत, त्या आपण तरी हा खर्च टाळू नये.

शेवटी कार्यकारिणीस विनंती. आपला निधी आजवर विद्यार्थ्यांसाठी वापरला गेला, हे योग्यच झाले. त्यातील अल्पसा भाग निराळा काढून दरवर्षी दोन तरुणांच्या हिशेबनिसाचा पगार द्यावा. यंत्रासाठी मुळीच देऊ नये. ज्यांना आपली वही मजकडून पाहून घ्यावयाची असेल, त्यांनी भोजनोत्तर मंडपाच्या मागील ओटीवर यावे. मी सायंकाळच्या गाडीपर्यंत येथेच आहे.