एलिझाबेथचा कारखाना

ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या उत्तरेला एलिझाबेथ नावाची वसाहत आहे. इंग्लंडहून आलेल्या स्थलांतरितांसाठी ती १९५५ मध्ये वसवली गेली आणि पुढे होल्डन मोटारींच्या कारखान्याभोवती वाढली. बाप आणि मुलगा एकाच पाळीत कामाला, अशी घरे तिथे होती. २० ऑक्टोबर २०१७ रोजी या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. लाल रंगाची कमोडोर. तिच्याबरोबर ऑस्ट्रेलियातले मोटारींचे मोठे उत्पादनच थांबले.

होल्डनची मालकी अमेरिकेतल्या जनरल मोटर्सकडे होती, पण लोकांना ती गाडी आपली वाटे. १९४८ मध्ये पहिली होल्डन बाहेर आली, तेव्हा पंतप्रधान बेन चिफली स्वतः हजर होते.

मजुरी महाग पडते म्हणून कारखाने परदेशी जातात, असे सरसकट सांगितले जाते. ऑस्ट्रेलियात मजुरी महाग होतीच, पण तेवढ्याने हा कारखाना गेला नाही. १९८० च्या दशकात परदेशी गाड्यांवर ५७.५ टक्के आयात शुल्क होते. ते उतरत उतरत २०१० मध्ये ५ टक्क्यांवर आले. त्याच काळात चीनला लोहखनिज आणि कोळसा विकून देशात पैशाचा ओघ सुरू झाला आणि ऑस्ट्रेलियन डॉलर चढला. २०११ मध्ये तो अमेरिकन डॉलरलाही मागे टाकून गेला. खाणींची भरभराट झाली. बाहेर विकायची गाडी मात्र परक्या गिऱ्हाइकाला महाग पडू लागली.

थायलंडशी झालेला व्यापार करारही इथे आठवावा लागतो. तो २००५ मध्ये लागू झाला आणि तिकडच्या गाड्या शुल्काशिवाय ऑस्ट्रेलियात येऊ लागल्या. ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या गाड्या मोठ्या इंजिनाच्या, आणि थायलंडमध्ये इंजिनाच्या आकारावर जबर कर. कागदावर दार दोन्ही बाजूंनी उघडे होते, पण गाड्यांची ये-जा एकाच बाजूने झाली.

मे २०१३ मध्ये फोर्डने ऑस्ट्रेलियातले आपले कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. होल्डनचा निर्णय व्हायचा होता. तो डेट्रॉइटमध्ये, जनरल मोटर्सच्या मुख्यालयात, मनोमन झालाही असेल; तरी १० डिसेंबरला अर्थमंत्री जो हॉकी यांनी संसदेत कंपनीला आव्हान दिले, राहणार की जाणार ते सांगून टाका. हजारो घरांची चूल ज्या उत्तरावर अवलंबून आहे, ते अशा सुरात मागायचे नसते. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: आम्ही जाणार.

खरी मेख यापुढे आहे. कारखान्यात मुख्यतः जुळणी होते. आसने, काचा, तारांचे जुडगे, रबरी नळ्या बाहेरच्या छोट्या कारखान्यांतून येतात आणि ते छोटे कारखाने सगळ्याच कंपन्यांना माल देतात. फोर्ड जाणार, होल्डनही जाणार, मग एकट्या टोयोटाच्या मागणीवर त्यांनी तगायचे कसे? १० फेब्रुवारी २०१४ रोजी टोयोटानेही माघार जाहीर केली. आखाती देशांत कॅमरी पाठवणारा तिचा आल्टोनाचा कारखाना ३ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाला. म्हणून बंद झालेल्या कारखान्याचा हिशेब त्याच्या फाटकाच्या आतल्या कामगारांवर थांबवणे चुकीचे आहे. सरकारी मदतीची चर्चा मात्र मोठ्या कंपन्यांभोवतीच फिरत राहिली.

चाकण-तळेगावच्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. त्याच जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी डिसेंबर २०२० पर्यंत चालला. पुढे तो ह्युंदाईने घेतला, आणि आजूबाजूला इतर कंपन्याही असल्यामुळे भाग पुरवणाऱ्यांना गिऱ्हाईक उरले. एलिझाबेथच्या पुरवठादारांना तसा दुसरा दरवाजा नव्हता.

ऑस्ट्रेलियातले अभियंते मात्र फोर्डने ठेवले. रेंजर ही मालवाहू धाटणीची गाडी व्हिक्टोरिया राज्यात आखली गेली. तिचे उत्पादन थायलंडमध्ये होते आणि तिथून ती शुल्काशिवाय ऑस्ट्रेलियात येते. २०२३ मध्ये त्या देशात सर्वाधिक खपलेली गाडी हीच होती.